सिरोंचा : नदीच्या वाटेवरची चार भाषांची पेठ

बंदर म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांच्या डोळ्यांपुढे मुंबई येते, फार तर रत्नागिरी किंवा काकिनाडा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत बंदर असू शकते, असे सांगितले तर लोक हसतील. पण गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला प्राणहितेच्या काठावर वसलेल्या सिरोंचा या गावाला एके काळी कापसाचे नदीबंदर बनवण्याचा बेत होता. त्या बेतावर इंग्रज सरकारने अनेक वर्षे पैसा ओतला, एक जिल्हा उभा केला आणि शेवटी तो बेत सोडून दिला. बंदर झाले नाही, पण त्या वाटेने आलेली माणसे आणि त्यांच्या भाषा राहिल्या. आज तिथे पुन्हा नवी वाट उघडली आहे. म्हणून जुनी वाट का बंद पडली आणि तिने मागे काय ठेवले, हे आपण व्यापाऱ्यांनी समजून घेणे गरजेचे आहे.

आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मराठी आम्ही कापडाच्या दुकानात शिकलो आणि कामापुरती तेलुगू अहेरी-सिरोंच्याकडच्या गिऱ्हाइकांनी शिकवली. तेव्हा हा विषय आमच्यासाठी पुस्तकी नाही, रोजच्या गल्ल्याचा आहे.

गावाची जागा

वैनगंगा आणि वर्धा या दोन नद्या एकत्र आल्या की त्यांना प्राणहिता म्हणतात. ही प्राणहिता दक्षिणेकडे वाहत जाते आणि सिरोंच्याच्या थोडे खाली गोदावरीला मिळते. संगमाच्या पलीकडे तेलंगणातले काळेश्वरम. तिथून पुढे सोमनूरजवळ बस्तरकडून येणारी इंद्रावती गोदावरीत येते. म्हणजे एका तालुक्याच्या हद्दीत तीन मोठ्या नद्यांचे पाणी एक होते. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर ही जागा कशासाठी निवडली असेल ते लगेच कळते. वर्ध्याच्या वाटेने हिंगणघाटचा कापूस, वैनगंगेच्या वाटेने भंडाऱ्याकडचे धान्य, इंद्रावतीच्या बाजूने बस्तरचा जंगलमाल आणि सगळ्यांना खाली राजमहेंद्रीकडे, तिथून समुद्राकडे नेणारी एकच गोदावरी.

अहेरीच्या जंगलातला साग तर नदीनेच खाली जात असे. ओंडके पाण्यात सोडायचे आणि शेकडो मैल खाली काढून घ्यायचे. त्याला ना बैल लागत, ना चारा. ज्यांनी जंगलातल्या रस्त्याने बैलगाडी हाकली आहे त्यांना या स्वस्ताईची किंमत सांगायला नको.

कापसासाठी आखलेले बंदर

1854 साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यामुळे नागपूरच्या बाजूचा उत्तम कापूस पिकवणारा मुलूख त्यांच्या हाती आला. पण माल समुद्रापर्यंत न्यायचा कसा? मुंबई दूर, मध्ये सह्याद्रीचे घाट, आणि तांड्यांच्या बैलांच्या पाठीवरून जाणारा कापूस वाटेत पावसाने भिजे, धुळीने मळे. त्याच सुमारास सर आर्थर कॉटन या इंजिनिअरने राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला गोदावरीवर मोठा बंधारा बांधला होता. त्याचे काम 1852 मध्ये पुरे झाले. कॉटन यांचे ठाम मत होते की हिंदुस्थानात रेल्वेपेक्षा पाण्याची वाट स्वस्त पडेल. समुद्रापासून गोदावरी, मग प्राणहिता, मग वर्धा अशी बोटींची वाट करायची, हा त्यांचा आग्रह. प्रत्यक्ष काम हेग नावाच्या लष्करी इंजिनिअरकडे आले.

वाटेत नदीच्या पात्रात खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मगुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा सिरोंच्याच्या वर प्राणहितेत देवलमरीला. प्रत्येक अडथळ्याला वळसा घालून कालवा काढायचा आणि पाण्याची पातळी चढवणारे-उतरवणारे दरवाजे बसवायचे, असा आराखडा होता.

या कामासाठी नदीचा काठ हातात हवा होता. 1860 च्या तहाने निजामाने गोदावरी-प्राणहितेच्या डाव्या काठचे तालुके इंग्रजांच्या हवाली केले आणि नदीवरून जाणाऱ्या मालाला जकात लागणार नाही असेही ठरले. या तालुक्यांचा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा. ग्लासफर्ड हे तिथले डेप्युटी कमिशनर होते. जिल्ह्याचे ठाणे आले की कचेरी येते, पोलीस येतात, मिस्त्री-मजूर येतात, आणि त्यांना धान्य-कापड पुरवणारा दुकानदारही येतो. सिरोंच्याची पेठ अशी वाढली.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस विलायतेला जाणे थांबले आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. हिंदुस्थानी कापसाचे भाव आकाशाला भिडले. त्या काळात गोदावरीची वाट लवकर उघडा, अशी विलायतेतल्या गिरणीवाल्यांची मागणी जोरात होती. म्हणजे मँचेस्टरच्या गिरणीचा चरखा सिरोंच्याच्या घाटाशी बांधला गेला होता.

बंदर का बुडाले

पहिल्या अडथळ्याचे काम बरेचसे झाले. दुम्मगुडेमचा बंधारा आजही आहे. वरची कामे अर्धवट राहिली. कारणे अनेक होती. पावसाळ्यात नदी बेफाम वाहते आणि उन्हाळ्यात गुडघाभर पाणीही राहत नाही, त्यामुळे बोटींचा हंगाम वर्षातले काही महिनेच. जंगलातला हिवताप इतका कडक की मजूर टिकत नसत. खर्च दरवर्षी वाढत गेला.

पण खरा घाव बाहेरून बसला. 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, 1865 मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला. आता हिंगणघाटच्या कापसाला नदीची वाट पाहायची गरज उरली नाही. तो बारा महिने, कोरडा आणि वेळेवर मुंबईला पोहोचू लागला आणि मुंबईहून विलायत जवळ आली. 1871 मध्ये सरकारने नदीचे काम थांबवले. 1874 मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाच मोडला. खालचे भद्राचलम मद्रास इलाख्यात गेले आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यातली एक तहसील होऊन राहिली. पुढे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बल्लारशा-काझीपेठ रेल्वे झाली तीही मंचेरियालवरून गेली. सिरोंचा पुन्हा बाजूला पडली.

यातली व्यापारी गोष्ट लक्षात घ्यावी. माल चांगला होता, नदी होती, सरकारचा पैसा होता. तरी पेठ बसली, कारण दुसरी वाट अधिक भरवशाची निघाली. गिऱ्हाईक स्वस्त वाटेपेक्षा खात्रीची वाट पसंत करते. आमच्या धंद्यातही दोन रुपये कमी घेणाऱ्या ट्रान्सपोर्टपेक्षा सणाच्या आठ दिवस आधी गाठ पोहोचवणारा ट्रान्सपोर्टच टिकतो.

दोन राज्ये, दोन नाणी

बंदर गेले, पण हद्द राहिली. 1947 पर्यंत नदीच्या या काठावर इंग्रजी अंमल आणि 1948 पर्यंत त्या काठावर निजामाचा. या काठावर कलदार रुपया, त्या काठावर निजामाचा हाली सिक्का. पुढच्या काळात साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब असे. हैदराबाद राज्यात जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर करोडगिरी लागे. या काठाच्या कचेरीत इंग्रजी आणि मराठी कागद, तर हैदराबादेत 1880 च्या दशकापासून सरकारी कामकाज उर्दूत. हद्दीवरच्या दुकानदाराला एकाच दिवशी दोन नाण्यांचा, दोन कायद्यांचा आणि तीन-चार भाषांचा हिशेब ठेवावा लागे. हाली सिक्का 1950 च्या दशकात व्यवहारातून गेला.

राज्यांच्या हद्दीही बदलत राहिल्या. 1956 मध्ये विदर्भाबरोबर चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. गाव जागचे हलले नाही, पण कागदावर त्याचा पत्ता दर पिढीला बदलला.

माणसे आणि बोली

सिरोंच्याच्या बाजारात उभे राहिले की सगळ्यात जास्त कानावर येते ती तेलुगू. कोमटी, पद्मशाली, मुन्नूर कापू, गोल्ला असे तेलुगू बोलणारे समाज इथले जुने रहिवासी. नेतकानी समाजाचे नावही आपल्या धंद्याशी जोडलेले आहे. तेलुगूत 'नेत' म्हणजे विणकाम. जंगलाच्या बाजूने गोंड आणि माडिया येतात, त्यांची भाषा गोंडी. गोंडी आणि तेलुगू या एकाच द्राविडी कुळातल्या. तेलुगूत दोन, तीन, चार म्हणजे रेंडु, मूडु, नालुगु, आणि गोंडीत रंड, मुंड, नालुंग. त्यामुळे तेलुगू दुकानदाराला माडिया गिऱ्हाइकाचे आकडे लवकर उमगतात. मराठी आली ती भोसल्यांच्या अंमलातून, नंतर शाळेतून आणि सरकारी कचेरीतून. मुसलमानांच्या घरात दखनी वळणाची उर्दू, जी हैदराबादच्या बाजूने इथवर आली.

आता मजेची गोष्ट अशी की या चारही भाषांचे लोक हिशेबाला बसले की जवळपास एकच भाषा बोलतात. मराठीत आपण जमा, खर्च, बाकी, वसूल, जामीन, तारीख, दलाल, हमाली म्हणतो. उर्दूत हेच शब्द आहेत. तेलुगूत जमा, खर्चु, बाकी, वसूलु, जामीनु, तारीखु, दळारी, हमाली. भाड्याला तिथे किरायी, हप्त्याला किस्तु, दुकानाला दुकाणम आणि बाजाराला बजारु. हे शब्द कुणा एका व्यापाऱ्याने नेले नाहीत. मराठी मुलखात निजामशाही-आदिलशाहीच्या महसुली कागदांतून आणि तेलुगू मुलखात कुतुबशाही व नंतर निजामाच्या कचेऱ्यांतून फारसी-अरबी शब्द गावोगाव गेले. कुतुबशाहीत तर फर्माने फारसी आणि तेलुगू अशा दोन भाषांत निघत. सरकारे गेली, पण वहीतले शब्द राहिले. आज मराठी शाळेत शिकलेला पोरगा मंचेरियालच्या अडत्याबरोबर बसला तर त्याला वाक्य कळणार नाही, पण बाकी किती आणि किस्तु कधी, एवढे नक्की कळेल.

कापडवाल्यांनी सावध कुठे राहावे

मात्र मालाच्या नावांत हा सारखेपणा फसवतो. आमच्या धंद्यातले काही शब्द इथे मुद्दाम देतो.

मराठी गिऱ्हाईक पंचा मागते तेव्हा त्याला अंग पुसायचे आखूड कापड हवे असते. तेलुगू गिऱ्हाईक पंचे म्हणते तेव्हा त्याला पूर्ण धोतर हवे असते. उर्दूत दुपट्टा म्हणजे ओढणी. तेलुगूत दुप्पटी म्हणजे पांघरायची चादर. मराठीत जाकीट म्हणजे पुरुषाने सदऱ्यावर घालायचे वस्त्र, तर तेलुगूत जाकेट्टु म्हणजे बाईचा ब्लाऊज, ज्याला रविक असेही म्हणतात. साडीला तेलुगूत चीरा. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे पलीकडून फोनवर दुप्पटींची ऑर्डर आली आणि पोऱ्याने ओढण्यांची गाठ बांधली. माल परत आला, भाडे दोन्ही बाजूंचे अंगावर पडले. चार शब्द माहीत असते तर ते भाडे वाचले असते.

नवी वाट

दीडशे वर्षांत जे झाले नाही ते अलीकडच्या काळात झाले आहे. पूर्वी पलीकडे जायचे तर नाव हाच आधार. पावसाळ्यात तीही बंद, आणि गडचिरोलीकडचा रस्ता नाल्यांच्या पुराने तुटलेला. डिसेंबर 2016 मध्ये सिरोंचा आणि काळेश्वरम यांच्यामध्ये गोदावरीवरचा पूल सुरू झाला. प्राणहितेवर पूल होऊन चेन्नूर-मंचेरियालची बाजू जोडली गेली आणि इंद्रावतीवरच्या पुलाने छत्तीसगडमधले भोपालपटनम जवळ आले. निजामाबाद-जगदलपूर राष्ट्रीय महामार्ग सिरोंच्यावरूनच जातो. ज्या संगमावर कापसाच्या बोटी यायच्या होत्या तिथे आता तीन राज्यांचे ट्रक येतात.

पण पुलावरून माल येतो तसे गिऱ्हाईकही जाते. लग्नाचा बस्ता बांधायला लोक आता सरळ मंचेरियाल किंवा वरंगलला जातात. नाव होती तोवर नदी ही सिरोंच्याच्या दुकानाची भिंत होती. ती भिंत पडली आहे. इथल्या छोट्या दुकानदाराला आता वरंगलच्या मोठ्या दुकानाशी थेट सामना आहे, आणि हा सामना भावाच्या जोरावर जिंकणे कठीण आहे.

नदीही पूर्वीची राहिलेली नाही. सिरोंच्याच्या खाली गोदावरीवर तेलंगण सरकारने मेडिगड्डा बंधारा बांधला. त्याच्या उंचीबाबत 2016 मध्ये दोन्ही राज्यांचा करार झाला आणि 21 जून 2019 रोजी बंधाऱ्याचे उद्घाटन झाले. मागे चढणाऱ्या पाण्याने जमिनी गेल्याची तक्रार सिरोंचा तालुक्यातले शेतकरी तेव्हापासून करत आहेत. जुलै 2022 च्या महापुराने तालुक्याला मोठा तडाखा दिला. ऑक्टोबर 2023 मध्ये बंधाऱ्याचे काही खांबच खचले. शहरातल्या व्यापाऱ्याला हे शेतकऱ्याचे दुखणे वाटते, पण तसे नाही. मिरची आणि कापूस पाण्यात गेला की दिवाळीनंतर येणारी उधारी पुढच्या वर्षावर जाते. या भागात माल उधार देणाऱ्याने बाजारभावाइतकेच नदीच्या पातळीकडे लक्ष ठेवले पाहिजे.

आपण काय करावे

पहिली गोष्ट भाषेची. आपली मुले उर्दू, मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातात, आणि तेलुगू म्हणजे दुकानात येताजाता कानावर पडणारी भाषा, असे आपण समजतो. सिरोंचा-अहेरीत धंदा करणाऱ्या घराने मुलाला तेलुगू लिहायला-वाचायलाही शिकवावे. जो ऑर्डरची चिठ्ठी वाचू शकतो त्याला मधला दलाल लागत नाही. जंगलाच्या बाजूला दुकान असेल तर गोंडी शिकावी. माडिया बाई आपल्या बोलीत भाव विचारू शकते त्या दुकानात ती दुसऱ्यांदा येते. वरंगलच्या मोठ्या दुकानाकडे भाव आहे, पण ही बोली नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके गेले. पण कागद गेले नाहीत. कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला दुसऱ्या राज्यात माल विकून पाठवता येत नाही. पलीकडे नियमित माल पाठवायचा असेल तर साधी नोंदणी घ्यावी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात 50,000 रुपयांहून जास्त किमतीचा माल नेताना ई-वे बिल लागते. हस्तकलेच्या काही मालाला सवलती आहेत. कारागीर बांधवांनी त्या करसल्लागाराकडून नीट समजून घ्याव्यात.

तिसरी गोष्ट आपल्या मुलखाच्या मालाची. आरमोरी भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा होतो आणि त्याचे कापड विणले जाते. टसर म्हणून शहरात त्याला मान आहे. वरंगल-हैदराबादची साडी इथे येते, तर आरमोरीचा कोसा तिकडे का जाऊ नये? पूल दोन्ही बाजूंनी चालतो. फक्त विणकराला वेळेवर रोख दाम आणि गिऱ्हाइकाला खरा माल, एवढी इमानदारी मधल्या व्यापाऱ्याने ठेवली पाहिजे.

कॉटन आणि हेग यांनी या संगमावर कापसाचे बंदर पाहिले, पण त्यांची वाट रेल्वेने घेतली. ज्या दुकानदारांनी तरीही गाव सोडले नाही ते दोन नाण्यांत हिशेब करून आणि चार भाषांत बोलून टिकले. आता वाट पुन्हा दारात आली आहे. या दिवाळीच्या आत निदान आपल्या दुकानातल्या मालाची नावे मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत लिहून गल्ल्यावर लावावीत, इतके काम प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.